राग खेळाचा की गर्दीचा?

२८ ऑक्टोबर २०१५ रोजी फेसबुकचा संस्थापक मार्क झुकेरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत प्रश्नोत्तरांसाठी आला होता. प्रश्न आधीच फेसबुकवर मागवले होते आणि कोणत्या प्रश्नाला किती मतं पडतात हे सगळ्यांना दिसत होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या समाजमाध्यमाचा कर्ताधर्ता समोर उभा, ऐकायला देशातली निवडक हुशार मुलं. सर्वाधिक मतं कोणत्या प्रश्नाला पडली असतील? इंटरनेटच्या समान हक्काला? भारतातल्या गुंतवणुकीला? छे. प्रश्न होता, ‘मला कँडी क्रशची निमंत्रणं नको आहेत, ती थांबवायची कशी?’ झुकेरबर्गने सांगितलं की हा प्रश्न पाहून त्याने संबंधित विभागाच्या प्रमुखाला आधीच कळवलं होतं : मी दिल्लीत बोलायला उभा राहीन तोवर यावर तोडगा निघालेला बरा.

कँडी क्रश हा तसा निरुपद्रवी गेम. एकसारख्या तीन गोळ्या ओळीत आणल्या की त्या फुटतात. किंग नावाच्या कंपनीने तो २०१२ मध्ये आधी फेसबुकवर आणि मग मोबाइलवर आणला. खेळणाऱ्याला पाच ‘जीव’ मिळतात. डाव हरला की एक जीव जातो आणि तो परत यायला अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसेल तर दोन वाटा असतात. पैसे मोजा, नाहीतर फेसबुकवरच्या मित्रांकडे जीव मागा. पैसे मोजणारे थोडे, मागणारे फार. त्यामुळे ठाण्याच्या मावशीपासून दहा वर्षं न बोललेल्या शाळासोबत्यापर्यंत कोणाचंही निमंत्रण कधीही येऊन पडायचं. रात्री साडेअकरालाही.

या गेमला शिव्या देणाऱ्या कितीतरी जणांनी तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. त्यांचा राग गोळ्यांवर नव्हता, दार वाजवण्यावर होता. अफाट लोकप्रिय गेम, सिनेमा, गाणं यांच्यावर जो राग निघतो त्याचं स्वरूप बहुतेकदा हेच असतं. बोलताना माणूस म्हणतो ‘भिकार गेम आहे’, पण थोडं खोदलं की तक्रार वेगळीच निघते. ती त्या गेमभोवती जमलेल्या गर्दीबद्दल असते, त्या गर्दीने आपलं काय केलं याबद्दल असते, आणि कधीकधी त्या गर्दीत कोण उभं आहे याबद्दल असते. हे तिन्ही राग वेगळे आहेत आणि त्यांची लायकीही सारखी नाही.

आधी साधा हिशेब. एखादा छोटा, आडवळणाचा गेम समजा दहा हजार लोकांनी घेतला. ते त्याच्यापर्यंत शोधत शोधत आलेले असतात, त्यांना त्या प्रकारचे गेम आवडत असतात. म्हणून त्यांची मतंही गोड. उलट दहा कोटी लोकांनी उतरवून घेतलेल्या गेममध्ये जो तो शिरलेला असतो. भाच्याने सांगितलं म्हणून, ऑफिसात सगळे खेळतात म्हणून, फुकट आहे म्हणून. त्यातल्या दर वीस जणांत एकालाच तो आवडला नाही असं धरलं तरी नाराजांची संख्या पन्नास लाख होते. पन्नास लाख माणसं एका सुरात ओरडली की गेममध्येच काहीतरी खोट आहे असं वाटू लागतं. प्रत्यक्षात तो फक्त चुकीच्या हातांत पोहोचलेला असतो.

हे नुसतं गणित नाही. बालाझ्स कोव्हाक्स आणि अमांडा शार्की या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजीतले नामांकित पुरस्कार मिळालेली आणि त्याच पुरस्कारांच्या अंतिम यादीपर्यंत जाऊन हुकलेली अशी मिळून ६४ पुस्तकं त्यांनी निवडली आणि ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळावरचे हजारो वाचकांचे अभिप्राय तपासले. पुरस्कार मिळाल्यावर वाचक वाढले, हे उघडच आहे. पण विजेत्या पुस्तकांना वाचकांनी दिलेले गुण मात्र घसरले, आणि हुकलेल्या पुस्तकांची तशी घसरण झाली नाही. पुरस्कारामुळे ज्यांच्या आवडीचं ते पुस्तक नव्हतं असे वाचक त्याच्याकडे वळले, हे एक कारण. दुसरं कारण, काहींना इतकं गाजलेलं पुस्तक गाजलेलं आहे म्हणूनच खुपू लागलं. आपल्याकडे पुरस्कार जाहीर झाला की ग्रंथालयात त्या कादंबरीसाठी नंबर लागतात आणि त्यातले बरेच जण ती पन्नासाव्या पानावर मिटून ‘यात एवढं काय आहे?’ म्हणत परत करतात. ती तीच गोष्ट.

‘यात एवढं काय आहे?’ या प्रश्नात मात्र दम आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गमतीदार प्रयोग मांडला. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली आणि सुमारे १४ हजार लोकांना ती ऐकून हवी ती उतरवून घ्यायला सांगितली. काहींना फक्त गाण्यांची यादी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटून टाकलं होतं आणि आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी घेतलं हा आकडा त्यांना दिसत होता. आठही जगांत गाणी तीच, श्रोते एकाच तऱ्हेचे. तरी एका जगात वर चढलेलं गाणं दुसऱ्या जगात मधेच कुठेतरी लटकत होतं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. शिवाय आकडे दिसत असले की यशस्वी आणि अयशस्वी गाण्यांमधली दरी रुंदावत होती.

याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या क्रमांकाची वस्तू दहाव्या क्रमांकाच्या वस्तूपेक्षा शंभर पट लोकप्रिय असू शकते, पण ती शंभर पट चांगली नसते. लोक लोकांना पाहून येतात. तेव्हा नावं ठेवणाऱ्याला ही जी विसंगती दिसते ती खरी असते. त्याची चूक पुढे होते. गेम आपल्या लौकिकाएवढा मोठा नाही, यावरून तो वाईटच आहे असं तो ठरवून टाकतो.

हनोईच्या डाँग न्गुएन या एकट्या माणसाने बनवलेला ‘फ्लॅपी बर्ड’ मे २०१३ मध्ये आला आणि कित्येक महिने कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये तो अचानक जगभर पहिल्या क्रमांकावर गेला. गेममध्ये मधल्या काळात कणभरही सुधारणा झाली नव्हती म्हणा किंवा झाली असेल तरी त्याने हे घडलं नव्हतं. पाइपांच्या फटीतून उडवत न्यायचा पक्षी तोच, पाइपही तेच. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळत असल्याचं न्गुएनने स्वतः सांगितलं आणि मग त्याच्यावर आग पाखडली गेली : पाइप ‘मारिओ’ या गेममधले चोरले, यश लबाडीचं, गेम मुद्दाम छळणारा. फेब्रुवारीत त्याने, आता सहन होत नाही असं म्हणत, गेम काढूनच टाकला. कित्येक महिने जो गेम कोणाच्या खिजगणतीतही नव्हता तो एका महिन्यात एवढा असह्य व्हावा, हे गेमच्या गुणदोषांवरून समजावून सांगता येणार नाही.

अतिपरिचयाचं काय? ते तर आपल्याला पाठच आहे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’ पहिल्यांदा ऐकताना ज्यांचे पाय थिरकले नाहीत अशी माणसं मोजकीच असतील. मग ते हळदीला वाजलं, वरातीत वाजलं, गणपतीत वाजलं, नवरात्रात वाजलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजलं आणि दोन वर्षांनी ‘धडक’मध्ये हिंदीतही वाजलं. अजय-अतुलच्या त्या रचनेत मधल्या काळात काही बिघडलं नव्हतं. मानसशास्त्रात यावर दोन जुनी निरीक्षणं आहेत. रॉबर्ट झायन्स याने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती नुसत्या ओळखीनेच आवडू लागते. डॅनियल बर्लाइन याने त्याला पुढचं टोक जोडलं : ही आवड चढत जाते, शिखर गाठते आणि मग उतरते. साध्या गोष्टींच्या बाबतीत ती लवकर उतरते. लोकप्रिय होण्यासाठी गाणं किंवा गेम पटकन कळावा लागतो, आणि जे पटकन कळतं त्याचा कंटाळाही पटकन येतो. पण निवडून ऐकणं आणि कानावर आदळणं यांत फरक आहे. हेडफोन लावून तेच गाणं पन्नास वेळा ऐकणारा मुलगा वैतागत नाही. खाली डीजे लागल्यामुळे ते पाच वेळा ऐकावं लागलेले आजोबा वैतागतात.

या सक्तीबद्दल जॅक ब्रेम याने १९६६ मध्ये एक सिद्धांत मांडला. आपली निवड कोणी हिरावू पाहतंय असं वाटलं की माणूस ती वस्तू नाकारून आपलं स्वातंत्र्य शाबूत असल्याची स्वतःला खात्री देतो. ‘अरे, तू अजून बघितलं नाहीस? कमाल आहे!’ हे वाक्य चार वेळा ऐकलं की चांगला भला माणूस ती मालिका कधीच न बघण्याचा पण करतो. हा राग मला तरी माफ करावासा वाटतो. त्याने कोणाचं काही बिघडत नाही, आणि सात-आठ वर्षांनी ती मालिका तो गुपचूप बघतोच.

यापेक्षा खोल जखम ज्यांची जागा गेली त्यांची असते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात जे झालं ते या बाबतीत पाहण्यासारखं आहे. स्टीव्ह डाल नावाचा चोवीस वर्षांचा रेडिओ निवेदक रॉक संगीत लावायचा. १९७८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याची नोकरी गेली, कारण त्याचं रेडिओ केंद्र रॉक सोडून डिस्को लावणार होतं. ‘सॅटर्डे नाइट फीवर’ला वर्ष झालं होतं आणि अमेरिकेत जो उठतो तो डिस्कोच्या मागे लागला होता. डाल दुसऱ्या केंद्रावर गेला आणि तिथून त्याने डिस्कोविरुद्ध मोहीम उघडली. त्या दिवशी डिस्कोची एक रेकॉर्ड आणणाऱ्याला सामन्याचं तिकीट ९८ सेंटला होतं. दोन सामन्यांच्या मध्ये रेकॉर्डींनी भरलेलं खोकं स्फोटाने उडवायचं असा बेत. वीस हजार लोक येतील असा अंदाज होता, आले पन्नास हजारांच्या घरात. स्फोट झाला, लोक मैदानात घुसले, हिरवळ उखडली, आगी लागल्या. पोलिसांनी ३९ जणांना धरलं, आणि दुसरा सामना यजमान संघाला न खेळताच गमवावा लागला.

डालची तक्रार खोटी म्हणता येत नाही. एका लाटेने त्याच्या ताटातली भाकरी खरोखरच उचलली होती. पण मैदानात काय जळत होतं? व्हिन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. लोक आणत असलेल्या रेकॉर्डी त्याने पाहिल्या. त्यात डिस्कोशी काडीचा संबंध नसलेले कृष्णवर्णीय गायक कितीतरी होते. डिस्को हे मुळात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून आलेलं संगीत. नोकरी गेल्याच्या रागाच्या आडून ‘ही माणसं’ नकोत हा दुसरा राग मैदानात शिरला होता आणि त्या धुरात दोन्ही वेगळे ओळखू येत नव्हते. पुढे याच शिकागोत डिस्कोच्या राखेतून ‘हाउस’ संगीत उभं राहिलं, आणि ते उभं करणाऱ्यांत व्हिन्स लॉरेन्सही होता. आपल्याकडे तर तेव्हा डिस्कोची लाट यायचीच होती. ‘कुर्बानी’ १९८० मध्ये आला, ‘डिस्को डान्सर’ १९८२ मध्ये.

व्हिडिओ गेमच्या दुनियेत जागा जाण्याचा हा प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. ‘फोर्टनाइट’चं पाहा. एपिक गेम्स या कंपनीने जुलै २०१७ मध्ये तो विकतचा गेम म्हणून आणला, आणि सप्टेंबरात त्यातच शंभर जणांना एका बेटावर उतरवून शेवटचा एक उरेपर्यंत लढवणारा फुकट प्रकार सुरू केला. त्याआधी काही महिने ‘पबजी’ने हाच प्रकार गाजवला होता, तोही एपिकच्याच अनरियल इंजिनवर. पबजीवाल्यांनी जाहीर नाराजी दाखवली, पुढे दक्षिण कोरियात दावा लावला आणि जून २०१८ मध्ये तो मागे घेतला. तोपर्यंत फोर्टनाइटचे नोंदणीकृत खेळाडू साडेबारा कोटी झाले होते. एपिककडे त्या वेळी ‘पॅरागॉन’ नावाचा आणखी एक गेम होता. त्याचे चाहते संख्येने थोडे, पण जीव लावणारे. फोर्टनाइट उसळला तशी कंपनीची माणसं तिकडे वळली आणि एप्रिल २०१८ मध्ये पॅरागॉन बंद झाला. खेळाडूंना पैसे परत मिळाले, गेम परत मिळाला नाही. या मंडळींना फोर्टनाइटबद्दल विचारलं तर ती त्यातल्या चित्रांना नावं ठेवतील, नाचाला नावं ठेवतील. खरी गोष्ट अशी की त्यांचं अंगण गेलं.

नाच मात्र खरोखरच सगळीकडे पोहोचला होता. १५ जुलै २०१८ रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या आंत्वान ग्रीझमनने पेनल्टीवर गोल केला आणि फोर्टनाइटमधला नाच करून दाखवला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला यूट्यूबने वर्षाचा आढावा घेणारी आपली चित्रफीत टाकली. तिच्या सुरुवातीलाच विल स्मिथ फोर्टनाइटचं नाव घेतो, आणि पुढे गेममधली उडती बसही येते. आठवड्याभरात नापसंतीचा आकडा एक कोटीच्या वर गेला आणि ती चित्रफीत यूट्यूबवरची सर्वांत नावडती ठरली. तोवर हा मान जस्टिन बीबरच्या ‘बेबी’कडे होता, म्हणजे त्याआधी कधीकाळी यूट्यूबवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या गाण्याकडे. त्या एक कोटी बोटांपैकी कितींनी फोर्टनाइटवर राग काढला आणि कितींनी यूट्यूबच्या गुळमुळीतपणावर, हे वेगळं काढता येत नाही. आपल्या आवडत्या यूट्यूबरना वगळलं हाही राग त्यात होता. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा लोकांना दिसेनासाच केला.

सराईत गेमर आणि ‘टाइमपास’ गेमर यांच्यातलं वैर तर याहून जुनं. २००९ मध्ये झिंगा कंपनीचा ‘फार्मव्हिल’ आला. फेसबुकवर शेत पेरायचं आणि वेळेवर येऊन कापायचं. उशीर झाला तर पीक वाळून जायचं. तो ऐन भरात असताना महिन्याला आठ कोटींच्या आसपास लोक शेती करत होते. २०१० मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या एका परिषदेत फार्मव्हिलला पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृहातल्या व्यवसायबंधूंनीच हुर्यो उडवली. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधल्या इयान बोगोस्ट या प्राध्यापकाने मग या गेम्सची टर उडवण्यासाठी ‘काऊ क्लिकर’ बनवला. गेम असा : एक गाय दिसते, तिच्यावर एकदा बोट दाबायचं, आणि सहा तास थांबायचं. बस्स. अजून हवं तर मित्रांना बोलवा किंवा पैसे देऊन महागडी गाय घ्या. पन्नास हजारांहून जास्त लोक तो मनापासून खेळू लागले. बोगोस्ट बिचारा विनोद करायला गेला आणि गुरं राखत बसला. सप्टेंबर २०११ मध्ये त्याने सगळ्या गायी गायब केल्या, तरी काही जण रिकाम्या जागेवर बोट दाबतच राहिले.

इथे टीकाकाराचं म्हणणं बरोबर होतं. असे गेम खेळाडूच्या सवयीवर जगतात. पण ते बरोबर असलं तरी त्या पन्नास हजारांना काय मिळत होतं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. एकमेकांच्या गायीवर बोट ठेवून येणं हीच त्यांची भेटगाठ होती.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोचरं आहे. स्वस्त डेटा आल्यावर २०१८ पासून पबजी मोबाइल घराघरांत पोहोचला. त्याच सुमाराला सिंगापूरच्या गरीना कंपनीचा ‘फ्री फायर’ही आला. पबजीत शंभर खेळाडू, डाव अर्ध्या तासाचा, आणि फोन जरा दमदार लागायचा. फ्री फायरमध्ये पन्नास खेळाडू, डाव दहा मिनिटांचा, आणि तो जुन्या, कमी रॅमच्या, पाच-सहा हजारांच्या फोनवरही चालायचा. साहजिकच तालुक्याच्या गावांत, वाड्या-वस्त्यांत, जिथे घरात एकच फोन आणि तोही वडिलांचा, तिथे फ्री फायर रुजला. आणि यूट्यूबच्या हिंदी-मराठी चर्चांत पबजीवाले त्याला ‘कार्टून गेम’ म्हणून हिणवू लागले. नेम कसा धरायचा, बेट केवढं आहे, यावर वाद व्हायचे, पण टोमण्यांचा रोख ‘तुझा फोन कोणता?’ यावर असायचा.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए याने १९७९ मध्ये आपल्या गाजलेल्या ग्रंथात हेच सविस्तर मांडलं : माणसाची आवड ही बरीचशी नावडीतून घडते, आणि ती नावड खालच्या समजल्या गेलेल्या थराच्या आवडीबद्दल असते. त्यातही सगळ्यांत तिखट राग शेजारच्या थराचा असतो. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्याला फ्री फायरचं सोयरसुतक नसतं. ज्याने नुकताच हप्त्यावर बरा फोन घेतलाय त्याला असतं, कारण आपली त्यांच्यात गणना होईल अशी भीती त्यालाच असते. जोना बर्जर आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्डच्या वसतिगृहात याचा प्रयोगच केला. एका वसतिगृहातल्या मुलांना त्या वेळी चलतीत असलेले पिवळे मनगटपट्टे विकले. मग तेच पट्टे शेजारच्या ‘पुस्तकी किड्यां’च्या वसतिगृहात विकले. पहिल्या वसतिगृहात पट्टे घालणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने घटलं. पट्टा तोच होता.

या जातीच्या नापसंतीला अभिरुची म्हणायला माझी तयारी नाही. टिकटॉकवरच्या गावाकडच्या मुलांची २०२० मध्ये यूट्यूबवर जी टर उडवली गेली, तिच्यातही विनोद थोडा आणि हीच भीती जास्त होती. मराठी साहित्यातही असं घडलं आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि समीक्षेने त्यांची दखल घेण्यात कुचराई केली. अर्नाळकर थोर साहित्यिक होते असं म्हणायची गरज नाही. पण न वाचता नाक मुरडणं म्हणजे समीक्षा नव्हे.

पालकांचा राग वेगळा. त्यांना गेमच्या दर्जाशी कर्तव्यच नसतं. जानेवारी २०१९ मध्ये ‘परीक्षा पे चर्चा’च्या कार्यक्रमात एक आई मुलाच्या ऑनलाइन खेळाचं गाऱ्हाणं सांगू लागली, तेव्हा पंतप्रधानांनी मधेच ‘हा पबजीवाला का?’ अशा अर्थाचा प्रश्न केला आणि सभागृह हसलं. त्याच महिन्यात मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदीची मागणी केली. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी शहरात बंदी घातली आणि खेळणाऱ्या मुलांना अटकही केली. अखेर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली त्यात पबजी मोबाइल गेला, पण कारण चीनशी असलेल्या तणावाचं आणि देशाच्या सुरक्षेचं होतं. झोप, अभ्यास, डोळे यांच्या काळजीचा त्या आदेशात मागमूस नव्हता. दहा महिन्यांनी तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नव्या नावाने परत आला. पालकांचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला, कारण तो नेमका विचारलाच गेला नव्हता. मुलाला नेमकं काय धरून ठेवतं? रोज हजेरी लावल्याचं बक्षीस? डाव मधेच सोडला तर सोबत्यांचं नुकसान? मित्रांनी घेतलेला नवा पोशाख? फोर्टनाइटच्या मुलांत तर फुकटच्या पोशाखात खेळणाऱ्याला ‘डिफॉल्ट’ म्हणून चिडवत.

राग नेमका असला की त्याचं काय होतं हेही दिसलेलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ येत होता. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र खुलं करायला सुमारे चाळीस तास खेळावं लागेल असा हिशेब खेळाडूंनी मांडला. त्यावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने दिलेल्या उत्तराला रेडिटवर सहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. कंपनीने लगेच ते पात्र खुलं करण्याची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियमने काही गेम्समधल्या नशिबाच्या पेट्या, म्हणजे आत काय निघेल हे न कळता पैसे देऊन उघडायच्या ‘लूट बॉक्स’, जुगारात मोडतात असं जाहीर केलं. या खेळाडूंनी ‘गेम भिकार आहे’ म्हटलं नव्हतं. चाळीस तास, असं म्हटलं होतं.

फोर्टनाइटबद्दलही अशीच एक तक्रार अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेली. गेममधली बटणं अशी मांडली होती की वस्तू नुसती न्याहाळताना किंवा झोपलेला गेम जागा करतानाही खरेदी होऊन जायची. लहान मुलं पालकांच्या परवानगीशिवाय पैसे उडवू शकायची. बँकेकडे तक्रार करणाऱ्याचं खातंच कंपनी बंद करायची. शिवाय मुलांचा अनोळखी माणसांशी बोलण्याचा मार्ग आपोआप सुरू असायचा. डिसेंबर २०२२ मध्ये एपिकने एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं, त्यातले साडेचोवीस कोटी खेळाडूंना परत द्यायचे होते. त्यांची पहिली खेप डिसेंबर २०२४ मध्ये निघाली : सहा लाखांहून जास्त जणांना मिळून सात कोटी वीस लाख डॉलर, म्हणजे सरासरी प्रत्येकी ११४ डॉलर.